दादारावांनी पाहिलेलं शेवटचं घर

सौंसरात दादाराव खवसे ठाऊक नाहीत असं घर नव्हतं. बहुतेक घरांत त्यांनी सून आणून दिली होती, नाहीतर तिथली लेक दुसरीकडे दिली होती. हंगामात ते कापसाच्या जिनमध्ये वजनकाट्यावर उभे राहत. मी तिथेच रुईच्या गाठी बांधायचो. उन्हाळ्यात जिन बंद. मग दादाराव सायकल काढत आणि सोयरिकी जुळवत फिरत. पुष्कळदा मी सोबत असे.

सोयरीक पाहायची त्यांची पद्धत जुनीच होती. पहिल्यांदा जाताना खरं कारण सांगायचं नाही. बैल पाहायला आलो म्हणायचं, पाऊस कधी येईल ते बोलायचं. पाणी येई, चहा येई. मुलगी किंवा मुलगा सहज समोरून जाई. पसंत पडलं तर पुढचं बोलणं. नाही पडलं तर कोणाचा अपमान नाही, कारण कोणी काही विचारलेलंच नसे. दादाराव घर मात्र नीट पाहत. पाणी आणणाऱ्या बाईशी घरातला माणूस कसा बोलतो, सकाळी आधी कोण उठतं, घरात कोण पितं, हे सगळं शेजारी विचारून येत. त्यांनी घाईने जुळवलेली एकही सोयरीक मला आठवत नाही.

विद्यार्थ्यांना घरं पाहून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं ते यामुळेच. नागपूरच्या समाजकार्याच्या कॉलेजातली चार-पाच पोरं-पोरी दर उन्हाळ्यात आमच्या भागात कामाला येत. कोणी महिला मंडळाच्या बालवाडीत, कोणी प्रौढांच्या वर्गात, एखादा मोहगावच्या पोलिओ केंद्रात. त्यांना दोन महिने राहायला घर लागे. शहरातलं पोर, म्हणजे घरी संडास पाहिजे. जेवण जमलं पाहिजे. जातही पाहावी लागे. तेव्हा त्याशिवाय कोणी चुलीपर्यंत येऊ देत नसे. आणि काम जवळ पाहिजे, नाहीतर पोर उन्हात सायकल हाणण्यातच दमून जातं. दादाराव प्रत्येक पोराशी आधी बोलत, मग घर ठरवत. मुलगा असेल तर लग्नाची लेक असलेल्या घरात ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. चार वर्षं तो त्यांनी पाळला.

या सगळ्यात त्यांची एक गरज होती, आणि ती त्यांनी लपवली नव्हती. त्यांच्या लेकीची लेक गुलाब त्यांच्याजवळ राहायची. दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. आईबाप भिलाईला मजुरीला होते. तिथे पायांकडे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून पोरगी आजोबांकडे. दादारावांची बायको आधीच गेलेली. ते रोज पहाटे गुलाबला सायकलच्या दांड्यावर बसवून मोहगावला न्यायचे, केंद्रात व्यायाम करून घ्यायचे आणि परत आणायचे. जायला तास, यायला तास. हंगामातही ते चुकलं नाही. मेहनत काय असते ते मला कळतं, म्हणून सांगतो.

केंद्र म्हणजे पंचायतीच्या दोन खोल्या. ते प्रतिभाताई चालवायच्या. त्यांचे यजमान जंगल खात्यात होते. ताईंनी नागपूरच्या दवाखान्यात हे काम शिकून घेतलं होतं. पोलिओ झालेली आजूबाजूच्या गावांतली पोरं तिथे यायची. आधी पायांना गरम पाण्याचा शेक. मग गुडघा सरळ दाबून धरायचा, टाच खाली ओढून धरायची. पोर ओरडतं. तरी धरायचं. मग बांबूच्या दोन कठड्यांमध्ये उभं करायचं. हे सकाळी, आणि जवळच्या पोरांचं पुन्हा संध्याकाळी. महिना-दोन महिने बंद पडलं की शिरा आखडतात, गुडघा वाकतो आणि वाकलेलाच राहतो. मग आधीची सगळी वर्षं फुकट.

पंच्याऐंशी साली होळीनंतर प्रतिभाताईंच्या यजमानांची बदली शहडोलकडे झाली. जुलैअखेर ताई जाणार होत्या. त्यांनी दादारावांना सांगितलं, "मला एक माणूस द्या. दोन महिन्यांत सगळं शिकवते. पण रोज येणारा पाहिजे, आणि पोर रडलं तरी हात न सोडणारा पाहिजे."

"आणि नाई मिळाला तर?"

"तर खोल्यांना कुलूप. गुलाब यंदा उभी राहील, दादाराव. पुढच्या वर्षी पायांना लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लावून चाललीही असती."

दादारावांनी आधी इथलीच माणसं पाहिली. शिकलेल्या पोरांनी विचारलं, नोकरी पक्की कधी होईल. त्यांचंही चुकलं नाही. केंद्राकडे द्यायला जेमतेम जेवणाचा खर्च होता. तेव्हा दादारावांनी ठरवलं, येणाऱ्या विद्यार्थ्यांतूनच एक असा निवडायचा की जो उन्हाळ्यानंतर वर्षभर राहील.

एप्रिलच्या शेवटी चौघं आले. त्यांत अरविंद नावाचा मुलगा होता. शेवटची परीक्षा दिलेली, हे दोन महिने झाले की मोकळा. बारीक, चष्मेवाला, कमी बोलणारा. दादारावांनी त्याच्याशी बसस्टँडवरच्या हॉटेलात दोन तास बोलणं केलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "हा होय."

"हाताकडे पाहिलं का? कधी बादली उचलली नसंन."

"हात तयार होतात. हा ऐकून घेते. बाकीचे बोलतात."

मोहगावात केंद्राला लागून एकच घर होतं जिथे संडास होता, जिथे जातीचा प्रश्न येत नव्हता आणि जिथे माणसं चांगली होती. यशवंतराव ठाकरे यांचं. संत्र्याची बाग, कापूस, विहिरीला पाणी. दादारावांच्या स्वतःच्या घरी एकच खोली होती, आणि केंद्रात तर दोन्ही वेळा हजर राहणं भाग होतं. अडचण एकच. यशवंतरावांची लेक स्मिता लग्नाची होती, आणि त्यांनी मागच्या दिवाळीतच दादारावांना सांगितलं होतं, स्मितासाठी पाहून ठेवा. ती तेव्हा पांढुर्ण्याला मावशीकडे शिवणकाम शिकत होती. घरात नव्हती. दादारावांनी तेवढ्यावर आपला नियम बाजूला ठेवला.

आम्ही दोघं गेलो. यशवंतराव ओसरीवर बसले होते. देवकाबाई, त्यांची बायको, दारात उभ्या.

दादाराव म्हणाले, "एक पोरगा ठेवायचा आहे तुमच्याकडं. दोन महिने."

"कोणाचा?"

"नागपूरचा. बाप रेल्वेत बाबू आहे. आपल्यातलाच."

यशवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. "शिकते काय?"

"शिकणं झालं. प्रतिभाताईच्या केंद्रात काम करायले येऊन राहिला. दुसरं काई नाई."

"दुसरं काई नाई," यशवंतराव म्हणाले. "समजलो जी."

"खरं सांगून राहिलो. विद्यार्थी आहे."

"आमी कुठी काय म्हटलं? राहीन, जेवीन, आमचं घर पाहीन. घाई कायची आहे?"

"पाहायचं काईच नाई इथी, यशवंतराव."

"दादाराव, तुमी मागच्या साली तुळशीरामच्या घरी बैल पाहायले गेले होते. घेतला काय बैल?"

देवकाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला, त्यात दूध जास्त होतं.

परत येताना मी म्हटलं, "त्यानं भलतंच घेतलं. फिरा मागं आणि सांगा."

"सांगितलं ना तोंडावर. अजून किती सांगू?"

"तुमी जितकं नाई म्हणता तितकं त्याले हो वाटते."

"मग दुसरं घर दाखव मले मोहगावात."

दुसरं घर नव्हतं. अरविंद तिथे राहायला गेला.

पहिले काही दिवस तो कामाचा नव्हता. पोर रडलं की याचे हात सुटत. ताईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुम्हाला वाईट वाटलं तर तुमचं समाधान होतं, त्याचा पाय सरळ होत नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे ताईंच्या आधी येऊन त्याने चूल पेटवून पाणी ठेवलं होतं. मेच्या मध्यापर्यंत त्याच्या हातांना काम समजलं. मी जाऊन पाहिलं. गुडघा दाबताना तो मनात आकडे मोजायचा आणि पुरे होईपर्यंत सोडायचा नाही. पाणी स्वतः ओढायचा. दुपारी झोपायचा नाही. बांबूचे कठडे सैल झाले होते ते त्याने सोडून पुन्हा बांधले. पहिल्या वेळी गाठ चुकली. मी दाखवली तशी त्याने बांधली.

जूनच्या सुरुवातीला गुलाब कठड्यांमध्ये उभी राहिली. अरविंदने एक हात काढला, मग दुसरा. तिने दोन्ही बांबू घट्ट धरले होते, पाय थरथरत होते, पण उभी होती. दादाराव तिच्यासमोर मातीत बसले होते.

ती म्हणाली, "आजा, तुमी बुटके दिसून राहिले."

"बुटकाच होतो मी. तुले आता दिसलं."

त्याच दिवशी अरविंद दादारावांना म्हणाला, "काका, माझं ठरलं. निकाल लागला की वडिलांशी बोलतो. वर्षभर इथंच राहतो. ताई म्हणतात मला जमेल."

"बाप ऐकीन?"

"पास झालो तर ऐकतील. थोडा वेळ द्या."

दादाराव त्या दिवशी घरी येताना सायकलवर काहीतरी गुणगुणत होते. असं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

त्याच आठवड्यात स्मिता पांढुर्ण्याहून परत आली. आपणहून नाही, बोलावून आणली होती. आम्ही दोघं यशवंतरावांकडे जेवायला होतो तेव्हा ती वाढत होती. साधी मुलगी, खाली मान घालून वागणारी. अरविंद म्हणाला, "स्मिताताई, भाजी पुरे."

देवकाबाई चटकन म्हणाल्या, "ताई काहून म्हणता जी? लहान आहे ते तुमच्याहून."

"माझ्या तोंडात बसलंय, काकू."

"मग काढा तोंडातून."

सगळे हसले. अरविंदही हसला. त्याला काही कळलं नव्हतं. ओसरीवर यशवंतरावांचे साडू आणि एक चुलत भाऊ बसले होते. ते अरविंदला विचारत होते, भावंडं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, डोळ्यांचा नंबर लहानपणापासून आहे का. तो सगळ्यांना नीट उत्तरं देत होता. त्याला वाटत असेल, खेड्यातली माणसं चौकशी करतात.

बाहेर पडल्यावर मी दादारावांना थांबवलं. "आज सांगा."

"निकालापर्यंत थांब."

"तोवर तिकडं सुपारी फुटंन."

"आता सांगितलं तर यशवंतराव पोट्ट्याले एक दिवस ठेवणार नाई. घर गेलं की पोट्टा गेला. एकदा बापाचा होकार येऊ दे, मग मी दुसरी सोय करतो. केंद्रातच खाट टाकतो."

"आणि ते पोरगी?"

दादारावांनी सायकलला टांग मारली आणि पुढे निघाले. मी मागून सायकल हाणत राहिलो. चांगलं घर, चांगली माणसं, चांगला मुलगा, सगळं त्यांनी नीट पाहिलं होतं. आणि जे समोर दिसत होतं त्याकडे पाहायचं नाही, हेही त्यांनी ठरवून केलं. मला तेव्हाही ते पटलं नाही, आताही पटत नाही. पण गुलाब उभी राहिलेली मीही पाहिली होती, म्हणून मी यशवंतरावांकडे गेलो नाही.

मृगाच्या पेरण्या लागायच्या आत मोकळं व्हावं म्हणून यशवंतराव स्वतःच नागपूरला गेले. दादारावांना विचारलं नाही. मध्यस्थ लाजतो आहे, तर आपणच बोलावं, असं त्यांना वाटलं. बांधावरच्या आंब्याची करंडी सोबत घेतली. अरविंदच्या वडिलांसमोर ती ठेवली आणि म्हणाले, "पोरगा महिनाभर आमच्या घरी राहिला. आमाले पसंत आहे. आता तुमचं काय ते सांगा."

वडील म्हणाले, "कोणाचा पोरगा? कोणाला पसंत?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते सौंसरला उतरले आणि दादारावांचं घर विचारत आले. मी तिथेच अंगणात होतो. गुलाब आत निजली होती.

"तुम्हीच दादाराव?"

"हो जी. बसा."

"बसायला नाही आलो. तुम्ही पोरं कामाला नेता की लग्नाला?"

"कामाले. तुमचा पोरगा फार चांगलं काम करून राहिला, साहेब. एकदा पाहून घ्या."

"मी काय पाहायचं ते पाहिलं. आंब्याची करंडी घेऊन माणूस माझ्या दारात आला. शेजाऱ्यांसमोर. माझ्या पोरानं तिथं काय केलं, असं लोक विचारून राहिले मला."

"त्यानं काईच केलं नाई. चूक माझी आहे. त्या घरातून आजच काढतो. पण पोराले राहू द्या. जुलैपर्यंत तरी."

"कशासाठी?"

दादारावांनी खोलीच्या दाराकडे हात केला. ते वडीलही वाईट नव्हते. त्यांनी आत पाहिलं. मग म्हणाले, "मला त्याच्यामागे दोन मुली आहेत." आणि मोहगावच्या वाटेला लागले.

अरविंद गेला. भांडला नाही. ताईंनी सांगितलं ते असं: वडील दारात उभे होते तेव्हा तो एका पोराचा गुडघा धरून होता. त्याने आकडे पुरे केले, पाय खाली ठेवला, हात धुतले आणि निघाला. पुन्हा कधी आला नाही. आम्हीही वाट पाहायचं लवकरच सोडलं. त्या आठवड्यात कॉलेजच्या सरांनी बाकीच्या तिघांना परत बोलावलं. सौंसर भागात पुन्हा विद्यार्थी पाठवले नाहीत.

पहिला पाऊस पडून गेल्यावर यशवंतराव एकदा दादारावांकडे आले. उभेच राहिले.

"तुमी सांगितलं होतं, विद्यार्थी आहे. दोनदा सांगितलं. तो दोष माझा," ते म्हणाले. "पण नंतर तुमी जेवायले आले. माझा साडू बसला होता, पोरगी वाढून राहिली होती. तुमाले तर कळत होतं?"

"कळत होतं," दादाराव म्हणाले.

"मग?"

गुलाब भिंतीला टेकून बसली होती. यशवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. पण कळल्याने त्यांच्या लेकीचं काही भलं होणार नव्हतं. घरात महिनाभर ठेवलेला मुलगा उठून गेला, म्हणजे मुलीतच काही असेल, असं चार गावांत बोललं गेलं होतं. पाणी न पिता ते गेले. दोन वर्षांनी स्मिताला बैतूलकडे एका बिजवराला दिलं. ती सोयरीक दुसऱ्याने जुळवली. दादारावांना नंतर कोणी सोयरिकीला बोलावलं नाही, आणि ते आपणहून कुठे गेले नाहीत.

जुलैअखेर प्रतिभाताई गेल्या. जायच्या आधी त्यांनी दादारावांना सगळं शिकवलं. हात कुठे धरायचा, जोर किती, किती वेळ. दादाराव घरीच करू लागले. शेक नीट देत. पण गुडघा दाबला की गुलाब ओरडायची, "आजा, सोडा ना." आणि ते सोडत. मी समोर बसून म्हणायचो, "धरा." ते पुन्हा धरत, पुन्हा सोडत. त्यांचं वय साठीच्या पुढे, हाताला कंप. माझे हात घट्ट होते, म्हणून काही दिवस मी धरलं. तर ती मला पाहूनच खाटेखाली सरकू लागली. मग कापूस आला, जिन सुरू झालं, आणि मला पहाटेची पाळी लागली. भिलाईहून लेक आली, चार दिवस राहिली, रडली, परत गेली. तिचीही मजुरी बुडत होती.

दिवाळीपर्यंत गुलाबची एक टाच वर ओढली गेली. थंडी सरेपर्यंत दोन्ही गुडघे वाकले. दादारावांनी तिला नागपूरला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनशिवाय सरळ होणार नाहीत, आणि ऑपरेशननंतर रोजचा व्यायाम करून घेणारा माणूस पाहिजे. असा कोणी आहे का? दादारावांनी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी तारीख दिली नाही.

शाळेत मात्र तिला जायचं होतं. दादाराव तिला पाठीवर घेऊन नेत. सकाळी नेऊन बसवत, दुपारी आणत. मधल्या सुट्टीत बाहेर न्यायला पुन्हा जात. ती वाढत होती, ते खचत होते. एका पावसाळ्यात शाळेच्या उताराला त्यांचा पाय घसरला. पोरगी वरच पडली, तिला लागलं नाही. त्यांची कंबर गेली. महिनाभर ते उठले नाहीत.

त्या महिन्यात मी तिला नेत होतो. मग ते उठले, पण वजन उचलणं संपलं होतं. मला म्हणाले, "तू किती दिवस नेशील?"

मी म्हटलं, "जमंन तितके दिवस."

"मग नको," ते म्हणाले. "अर्ध्यातून सोडण्यापेक्षा नको."

तिसरीपर्यंत तिचं नाव होतं. चौथीला घातलं नाही.